सोडणारी एक, बांधणारी एक

“दम आतबाहेर जाऊ दे, काडी मात्र आत जाऊ देऊ नकोस.”

हा आवाज मी जन्मायच्या आधी ऐकला. तेव्हा मी ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या वीस-बावीस फोका होते. आठ दिवस पाण्यात भिजून मऊ झालेल्या, साल सोललेल्या, आन्सेल्मबाबांच्या मांडीवर पसरलेल्या. बाबा विणताना फोकांशी बोलत. त्यांची बायको दारातून म्हणे, “माझ्याशी दिवसाकाठी चार शब्द, आणि काटक्यांशी गप्पा!” बाबा मान वर न करता म्हणत, “काटक्या उलटून बोलत नाहीत.”

मित्रांनो, मी एक जुनी मुसकी आहे. मळणीच्या वेळी बैलाने धान्यात तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला जाळी बांधतात, ती तुम्ही पाहिली असेल. मी तिची दूरची बहीण. फरक एवढाच, की ती चार दिवस बैलाच्या तोंडावर असते आणि मी वासराच्या तोंडावर चार महिने असते.

विणून झाल्यावर बाबांनी माझ्या प्रत्येक फटीत करंगळी घालून पाहिली. करंगळी अर्धी जावी, पुढे अडावी. मग चामड्याची वादी ओवून त्यांनी मला ला रोशेतच्या वाडीवर पोचवले. मी तिथे अठरा वर्षे काम केले.

ला रोशेत ही फ्रान्समधल्या कोरेझच्या टेकडीवरची एकाच घराची वाडी. घरात माणसे तीन. फिर्मां हा घरधनी, मार्सेलीन ही त्याची बायको आणि झेली ही त्याची बिनलग्नाची बहीण. गोठ्यात तांबूस गायी सात-आठ आणि फळीच्या पलीकडे त्यांची वासरे.

आमच्याकडे दूधपित्या वासराचे मांस जितके पांढरे, तितका त्या घराचा मान मोठा. वासराने पेंढ्याचा घास गिळला, गवत चघळले, की मांस लाल व्हायला लागते. म्हणून त्याच्या पोटात दुधाशिवाय काही जाऊ द्यायचे नाही. त्याला आईपासून फळीआड ठेवायचे. गोठ्यात उजेड बेताचा, म्हणजे ते उड्या मारणार नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा त्याला आईकडे सोडायचे. आईचे आटले तर मावशीकडे न्यायचे. जिचे वासरू आधीच बाजारात गेले आहे, अशा दुभत्या गाईला आमच्याकडे मावशी म्हणतात. पोट भरले की परत फळीआड आणायचे आणि तोंडावर मी. चार महिन्यांनी बाजार. बाजारानंतर काय, ते तुम्हांला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होते. वासराला मात्र नव्हते.

आता माझ्या मनातले सांगते. मला हेवा वाटे.

कोणाचा म्हणाल? प्रथम त्या गाईच्या सडांचा. दिवसाचे बावीस तास वासराच्या तोंडापाशी मी असे. त्याचा ऊन श्वास माझ्या फटींतून जाई, त्याच्या नाकाचा ओलावा माझ्यात मुरे, झोपेत ते स्वप्न पाहून ओठ हलवी तेही मलाच कळे. पण मी सुटले रे सुटले, की ते मागे वळूनही पाहत नसे. शेपटी उभारून थेट आईखाली. एकेक ढुशी अशी, की गाय कण्हे. मी मार्सेलीनच्या मनगटावर लोंबकळत ते पाहत असे. मार्सेलीन गाईच्या पाठीवर हात फिरवत गाणे म्हणे:

तांबड्या गं गाईला पांढऱ्या दुधाचा पान्हा
ढुशा देतो बाई माझा भुकेला तान्हा

मीही मनातल्या मनात एक ओवी बांधली होती. ती कोणी ऐकली नाही, म्हणून तुम्हांला ऐकवते:

ओठांपाशी घर माझं, ओठांची मी वैरीण
दूध झालं सोयरं त्याचं, मी फुकाची शेजारीण

दुसरा हेवा मार्सेलीनचा. का, ते सांगते. या घरात कामाची एक वाटणी पडून गेली होती. मला सोडायची मार्सेलीनने आणि बांधायची झेलीने.

मार्सेलीन लग्न होऊन येण्याआधी सगळा गोठा एकट्या झेलीचा होता. पण नव्या सुनेचा हात गाईंना मानवला. तिने कासेला हात लावला की पान्हा सुटे. झेलीने लावला की गाय लाथ उगारी. तेव्हा सासू हयात होती. ती म्हणाली, “मार्सेलीन पाजेल. झेली, तुझी बोटं जोरकस आहेत, तू मुसक्या बांध.” झेलीने बरे म्हटले. अठरा वर्षे ती बरेच म्हणत आली.

वासरांना आमच्या नात्यांतले काय कळणार! पण पावले कळतात. मार्सेलीनच्या लाकडी बुटांचा खडखड आवाज अंगणात आला, की फळीमागे एकच गोंधळ. हंबरणे, ढकलाढकली, फळीला धडका. झेलीचे पाऊल वाजले, की सगळी मागच्या भिंतीला चिकटत. मग तिला एकेकाचा कान धरून पुढे ओढावे लागे.

“अगं, जरा गोड बोल की त्यांच्याशी,” फिर्मां बहिणीला चिडवी. तो जेवताना तळाशी उरलेल्या सुपात वाइन ओतून वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावी आणि मग त्याची जीभ सुटे. “वासरं तुला बघून अशी पळतात, जशी पोरं पाद्र्याला बघून.”

“तू बांध मग,” झेली म्हणे.

“मी? मला बघून तर गायीही पळतात!” आणि तो स्वतःच खदखदून हसे. मार्सेलीनही हसे. झेली भाकरीचा तुकडा वाडग्यात फिरवत राही.

मित्रांनो, मला झेली आपली वाटे. त्या घरात वासरांना नकोशा अशा आम्ही दोघीच होतो. एक ती, एक मी. ती मला बांधताना तिची बोटे माझ्या वादीवर क्षणभर थांबत. आम्हां दोघींनाही तो थरथरणारा मऊ जबडा जाणवे आणि आम्हां दोघींनाही कळे, की हे थरथरणे आपल्यामुळे आहे.

माझे कौतुक झाले नाही असे नाही. ला रोशेतचे वासरू म्हणजे पांढरेशुभ्र, अशी वाडीची ख्याती पसरली. बाजारात व्यापारी वासराच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने खाली ओढून पाहतात. आतला भाग मेणासारखा फिका असला की मांस पांढरे. आमच्या वासरांची पापणी पाहून व्यापारी एकमेकांना कोपराने ढोसत. एका ईस्टरला बक्षीस मिळाले, निळ्या रिबिनीचे फूल. ते मार्सेलीनने स्वयंपाकघरात घड्याळाखाली टांगले. ती सगळ्यांना सांगे, “आन्सेल्मबाबांची मुसकी आहे ना, तिच्यातून डास जाईल, पण काडी नाही जायची.” मग शेजारच्या वाड्यांनीही बाबांकडूनच मुसक्या विणून घेतल्या.

फूल घड्याळाखाली होते. मी खुंटीवर होते. आणि ज्याच्या पापणीसाठी ते फूल मिळाले, ते वासरू त्या दिवशी परत आले नव्हते. फिर्मांच्या कोपरात अडकून मी एकटीच आले होते. माझ्या फटींत त्याची लाळ अजून ओली होती. दुसऱ्या दिवशी ती वाळली आणि मला दुसऱ्या तोंडावर बांधले.

मग तो कपाळावर भोवरा असलेला गोऱ्हा जन्मला.

विकायच्या वासरांना आमच्याकडे नाव ठेवत नाहीत, म्हणून कपाळावरच्या खुणेवरून सगळे त्याला भोवऱ्या म्हणत, मीही तेच म्हणते. अंगाने भरदार, दूध पिण्यात आगाऊ. ईस्टरच्या बाजारासाठी मार्सेलीनने त्याच्यावरच बोट ठेवले होते. पण त्याला एक खोड लागली. दाराच्या गंजलेल्या बिजागरीला तो मला घासत राही. मी मध्ये असल्यामुळे जीभ पुरती पोचत नसे. तरी तो तासन्‌तास घाशी, फटीतून जिभेचे टोक काढी, त्या गंजाची चव घेऊ पाही. पांढरे राखलेल्या वासराला लोखंडाची भूक लागते. त्याच्या अंगात जे कमी पडते, तेच त्याची जीभ शोधते. मी ते अठरा वर्षे पाहिले होते. झेलीनेही पाहिले होते.

ईस्टरला महिना उरला होता. मार्सेलीन कपडे घेऊन ओढ्यावर गेली होती, फिर्मां रानात. दुपारची वेळ. झेली गोठ्यात आली. नेहमीप्रमाणे वासरे भिंतीला चिकटली. भोवऱ्या तेवढा बिजागरीपाशी होता, तो हललाच नाही.

झेली त्याच्यापाशी जाऊन वाकली. मग तिने माझी वादी सोडली.

बांधणाऱ्या हाताने सोडले, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होते. तिने मला पेंढ्यावर ठेवले, एप्रनच्या खिशातून कोवळ्या गवताची मूठ काढली आणि तळहात पुढे केला. भोवऱ्याने वास घेतला. मग खाल्ले. मग तळहात चाटला, मनगट चाटले, बाही चघळली. झेली हसली. मला ठाऊक नव्हते, की तिला तसे हसता येते.

दुसऱ्या दुपारी ती पुन्हा आली. तिसऱ्याही. पाचव्या दिवशी तिचे पाऊल अंगणात वाजले आणि भोवऱ्या हंबरला.

मित्रांनो, तुमच्यापाशी खोटे कशाला बोलू? वासराचे भले होत होते. तो बिजागरी विसरला, त्याचे डोळे चमकू लागले, तो जागच्या जागी उड्या मारू लागला. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या पोटात वाळुंजाची फोकन्‌फोक जळत होती. आम्ही दोघी नकोशा होतो ना? मग ती एकटीच हवीशी कशी झाली? पेंढ्यावर पडल्या पडल्या मला एकच वाटे. हिला कोणीतरी पाहावे. ही पकडली जावी.

पण पाहिले कोणीच नाही. मार्सेलीन रोज संध्याकाळी कंदील धरून भोवऱ्याची पापणी तपाशी. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात सगळेच फिके दिसते. गोठ्यातला अंधार या घराने इतकी वर्षे हौसेने राखला होता, आणि त्याच अंधाराने घराला फसवले.

बाजारात मात्र उघडे ऊन होते.

एका जाडजूड व्यापाऱ्याने भोवऱ्याची मान काखेत दाबली आणि पापणी खाली ओढली. मग दुसऱ्या डोळ्याची. मग तो मागच्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “या, या, बघून घ्या! ला रोशेतचं वासरू! ह्याच्या अंगात रक्त आहे की हो!”

“रक्त सगळ्यांच्याच अंगात असतं,” फिर्मां म्हणाला.

“असतं. पण विकायला आणताना दाखवत नाहीत, मालक.” माणसे हसली. “गवत खाल्लंय यानं. मला सांगू नका.”

“आमच्याकडं गवत खाणारं वासरू नाही!” मार्सेलीनचा चेहरा भोवऱ्याच्या पापणीपेक्षा लाल झाला होता.

“मग तुमच्या मुसकीला विचारा.”

मार्सेलीनने मला खांबावरून ओढून काढले. बाजाराच्या टोकाला आन्सेल्मबाबा टोपल्या, परड्या आणि नव्या मुसक्या मांडून बसले होते. तिने मला त्यांच्या पुढ्यात टाकले. “बाबा, ही तुमची वीण! काडी आत गेली बघा. अठरा वर्षांचं नाव एका सकाळी गेलं आमचं.”

बाबांनी मला उचलले. एकेक फट करंगळीने चाचपली. करंगळी अर्धी जाऊन अडत होती. सगळीकडे अडत होती. मग त्यांनी माझी वादी उलटी करून पाहिली. इतक्या वर्षांच्या ओढीने वादीवर गाठीची एक खोल घडी पडली होती. तिच्या शेजारी दुसरी, ताजी घडी होती. कोणीतरी वेगळ्या घाईने, रोज एकदा जास्तीची सोडून बांधलेली. बाबांचा अंगठा त्या घडीवर थांबला. त्यांनी मान वर केली आणि मार्सेलीनच्या मागे पाहिले. तिथे झेली शालीत हनुवटी खुपसून उभी होती.

सांग, मी मनात ओरडले. सांग ना बाबा!

“वय झालं, बाई,” आन्सेल्मबाबा म्हणाले. “हात सैल पडला असेल माझा.”

झेलीने मान खाली घातली. भोवऱ्या पडेल त्या भावात गेला. त्याला नेताना त्याने एकदाच मागे वळून पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, मार्सेलीनकडेही नाही.

त्या दिवशी दोन बायकांनी हातात घेतलेल्या मुसक्या बाबांच्या पुढ्यात परत ठेवल्या. “पुढच्या वेळी बघू, बाबा,” असे त्या गोडीने म्हणाल्या. पुढच्या बाजारी त्या तिकडे फिरकल्याच नाहीत. शहरातून तारेच्या मुसक्या आल्या होत्या, चकचकीत. मार्सेलीननेही तारेची घेतली. मला चुलीशेजारच्या सरपणाच्या पेटीत टाकले. फिर्मां म्हणाला, “वाळुंज छान पेटतं. थंडीच्या पहिल्या दिवशी हिचाच जाळ करू.”

पेटीतून मला सगळे घर ऐकू येई आणि दार उघडे असले की अंगणही दिसे. झेली आता वासरांना तारेची मुसकी बांधे. वासरे पुन्हा भिंतीला चिकटत. उन्हाळाभर मी रोज वाट पाहिली, आज ही बोलेल, उद्या बोलेल. ती जेवायला बसे, घास घेई, उठे. आन्सेल्मबाबांचे नाव निघाले की मीठ आणायला म्हणून आत जाई. आत मिठाचे भांडे नव्हते, ते टेबलावरच असे.

थंडीच्या तोंडावर चेस्टनटची फळे गळायला लागली, तेव्हा एका दुपारी दार वाजले. आन्सेल्मबाबा होते. खांद्यावर सोललेल्या फोकांचा मोठा भारा.

“घेवड्याच्या वेलांना आधार लागतो ना तुमच्या,” ते म्हणाले. “मला आता यांचा उपयोग नाही. सोलायचा चाकूही विकला काल.”

“बसा, बाबा. सूप गरम आहे,” फिर्मां म्हणाला. त्याला अवघडल्यासारखे झाले होते, ते आवाजात कळत होते.

बाबा बसले नाहीत. उघड्या दारातून त्यांना गोठा झाडेपर्यंत अंगणात बांधलेले वासरू दिसत होते. नवीन होते, तारेच्या मुसकीतले. त्याच्या नाकपुडीवर तार घासून लाल जखम झाली होती, तिच्यावर माशी बसली होती.

“मार्सेलीन, तारेला निदान फडकं तरी गुंडाळ गं,” बाबा हळूच म्हणाले. “नाक कच्चं असतं त्यांचं.”

मार्सेलीन मनाने दुष्ट नव्हती. पण दुखावलेल्या माणसाची जीभ आधी धावते. “तुमची वीण घट्ट असती तर तारेपर्यंत कशाला गेले असते मी?”

बाबांनी मान हलवली. भारा दाराशी टेकवला आणि टोपी डोक्यावर ठेवली.

मित्रांनो, इथे मी थांबते आणि माझे मागणे मागून घेते, कारण पुढे बोलणे माझे नाही. तुमच्या घरी जित्राब असेल, तर त्याच्या तोंडाला काही बांधण्याआधी त्याची जीभ कशाच्या मागे धावते, ते पाहा. दोरी, दावे, मुसकी, जे बांधाल ते त्याला बोचत नाही ना, म्हणून रोज हात लावून पाहा. आणि बांधायचे काम एकाच माणसाच्या गळ्यात जन्मभर घालू नका. पांढऱ्या मांसाची आवड कोणाला किती असावी, हे मी मुसकी काय सांगणार? मी एवढेच सांगते, की अठरा वर्षांत माझ्या जाळीत किती श्वास आले आणि गेले, ते कोणीच मोजले नाहीत. मीही मोजले नाहीत, कारण मी हेव्यात गुंतले होते.

बाबांचा हात दाराच्या कडीवर होता. झेली मीठ आणायला म्हणून उठली होती. ती आत गेली नाही. सरपणाच्या पेटीपाशी आली, वाकली, तिने मला बाहेर काढले आणि टेबलावर, सुपाच्या वाडग्यांच्या मधोमध ठेवले.

“बाबांची वीण सैल नव्हती,” ती म्हणाली.

“काय म्हणतेस?” मार्सेलीनने विचारले.

“मी सोडायचे हिला. दुपारी, तू ओढ्यावर गेलीस की. मी भोवऱ्याला गवत द्यायचे. माझ्या हातानं.”

फिर्मांचा वाडगा तोंडाशी नेता नेता तसाच राहिला. बाबा दारातून वळले नाहीत, पण गेलेही नाहीत.

“पण का गं, झेली?” मार्सेलीन उठून उभी राहिली होती. “तुला ठाऊक होतं ना, मी त्याच्यावर किती आस लावली होती?”

“ठाऊक होतं. तो बिजागरी चाटायचा, ते बघवत नव्हतं, हे खरं. पण ते अर्धंच खरं.” झेलीने प्रथमच भावजयीच्या डोळ्यांत पाहिले. “तू आलीस की सगळी हंबरतात. मी आले की भिंतीला जातात. अठरा वर्षं, मार्सेलीन, दिवसातून दोनदा. मला तुझा हेवा वाटायचा गं. इतका, की एका वासरानं तरी माझं पाऊल ऐकून हंबरावं, म्हणून मी बाबांचं नाव बुडू दिलं.”